मॉर्फिनचं बारसं

आमच्या घरात मूल झालं की त्याचं नाव ठेवायचा मान आत्याचा. तसा तो सगळ्यांकडेच आत्याचा असतो, पण आमच्याकडे आत्या म्हणजे एकच, माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझं नाव तिनं ठेवलं, माझ्या धाकट्या बहिणीचं तिनं ठेवलं. पुढं माझ्या मुलांच्या वेळी खरा मान माझ्या बहिणीचा होता, तर ती आपण होऊन बाजूला सरली आणि म्हणाली, "आधी आत्या सांगू दे, मग मी."

बारशाला आत्या पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते. ते सांगून होतंय न होतंय तोच मागं जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. असं का करतात हे मला कुणी खात्रीनं सांगितलेलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. एवढं खरं, की कुणी किती जोरात धपाटा घातला हे आमच्याकडे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. माझ्या बारशाला माझी आई बाळंतीण, पाळण्यापाशी बसलेली. तिनं बसल्या जागेवरून हात लांब करून नणंदेच्या पाठीत असा धपाटा घातला म्हणे, की आत्याच्या हातातली घुगऱ्यांची वाटी सांडली.

"मला तवाच कळलं, ही वहिनी दिसती तशी साधी न्हाई," आत्या म्हणायची.

"मग? लगीन झाल्यापास्नं तुमी मला नावं ठेवत व्हता वन्सं. एक दिस फेड केली," आई म्हणायची.

आत्याचा एक नियम होता. ज्या नावाचा अर्थ आपल्याला सांगता येत नाही, ते पोराच्या कानात सांगायचं नाही. वडिलांनी माझ्यासाठी सुचवलेल्या नावाचा अर्थ त्यांना सांगता येईना, तेव्हा तिनं त्यांना ऐन बारशाच्या सकाळी शाळेतल्या गुरुजींकडे पिटाळलं. 'आनंद देणारा' असा अर्थ निघाला, मग तिनं होकार दिला. माझी बायको या अर्थाविषयी कधी काही बोलत नाही.

आत्याला दिली होती मढला, जुन्नरच्या पार पश्चिमेला, भाताच्या मुलखात. आमचं गाव महाळुंगे पडवळ, टोमॅटो आणि उसाचं. तिचा मुलगा कल्याणला रिक्षा चालवतो, त्याच्या खोलीत चार माणसं जेमतेम झोपतात. म्हणून आजारपणात ती आमच्याकडे, म्हणजे माहेरी आली. आधी छातीत गाठ झाली होती, ऑपरेशन झालं, बरीच वर्षं चांगली गेली. मग पाठ दुखायला लागली. भात लावून लावून कंबर धरली असेल असं सगळ्यांनाच वाटलं. पुण्यात तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की रोग मणक्यांत उतरलाय. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. बरं होणार नाही, दुखणं मात्र कमी करता येईल, असं म्हणाले. आत्यानं मला गाडीत विचारलं, काय म्हणाले, आणि मी जसंच्या तसं सांगितलं. राजगुरुनगर मागं पडल्यावर ती म्हणाली, "तुझ्या पोराचं बाळ कवा येतंय?"

माझा मुलगा चाकणला कंपनीत आहे. सूनबाई बाळंतपणाला माहेरी गेलेली होती. पुढच्याच आठवड्यात तिला मुलगी झाली. फोन आला तेव्हा आत्या पलंगावर आडवी होती. तिनं दोन्ही हात जोडून छताकडं नेले आणि म्हणाली, "हिचं नाव मी सांगनार. त्याच्या म्होरं काय व्हायचं ते व्हवू दे." सूनबाई महिन्याभरानं येणार होती, तेव्हा बारसं करायचं ठरलं.

अडचण एकच होती. आत्याला बसता येत नव्हतं. ती सांगायची की पाठीत कुणी पहार उभी करून ठेवलीय, बसलं की सगळा भार त्या पहारीवर येतो. भिंतीला टेकवून बसवलं तरी थोड्या वेळात कपाळावर घाम यायचा आणि ती हातानंच खूण करायची, निजवा. पाळण्यावर वाकणं तर लांबचीच गोष्ट.

पुण्याच्या इस्पितळात दुखण्याचाच वेगळा विभाग आहे. तिथल्या डॉक्टरांनी तिला मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये त्या मिळत नाहीत, तिथूनच आणाव्या लागतात. तिथल्या सिस्टरांनी आत्याला बाकावर निजवून, मला समोर बसवून सांगितलं, की दर चार तासांनी एक, घड्याळ बघून. दुखत असो वा नसो. या गोळीनं पोट बांधतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध रोज, न चुकता. आत्यानं मान डोलावली. मग विचारलं, "नाव काय म्हनलं गोळीचं?"

"मॉर्फिन, आजी."

"म्हंजी काय?"

सिस्टर हसल्या. "वेदना कमी करायचं औषध."

"ते कळलं. नावाचा अर्थ काय?"

सिस्टरांना सांगता येईना. आत्या माझ्याकडं वळली. "तू बघून सांग."

मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या आडतीवर हिशोब बघतो. खात्री नसलेली रक्कम मी पुढं ओढत नाही, तशीच सवय बोलण्यालाही लागलीय. दुसऱ्या दिवशी लिलाव संपल्यावर बसून मी मोबाइलवर हे शोधलं, आणि एका ठिकाणी वाचलेलं दुसरीकडं पडताळून पाहिलं. संध्याकाळी घरी येऊन चहा पिता पिता तिला सांगितलं.

हे औषध अफूतून काढतात. अफू हा आपला शब्द अरबीवरून आलेला, आणि अरबीत तो ग्रीकांकडून गेला. मूळ अर्थ रस. झाडाला चीर दिली की निघतो तो चीक. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणानं त्या चिकातून नेमका गुण असलेला भाग वेगळा काढला. त्यानं त्याला नाव दिलं मॉर्फियम, त्याचंच पुढं मॉर्फिन झालं. ग्रीक लोकांच्या जुन्या गोष्टींत मॉर्फियस नावाचा स्वप्नांचा देव आहे, निद्रेच्या देवाचा मुलगा. त्याच्या नावावरून हे नाव. त्या देवाच्या नावाचा अर्थ रूप घेणारा, कारण स्वप्नात तो माणसांची रूपं घेऊन येतो.

मला वाटलं होतं तिला आवडेल. आजवर कुणाही पोराच्या नावाचा एवढा लांबवर अर्थ आम्ही काढला नव्हता.

आत्यानं कप खाली ठेवला. "म्हंजी ही अफू."

"अफूतली एक गोष्ट."

"आन् झोपंच्या देवाच्या घरातली."

"हो."

"मला नगं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. ती लग्न होऊन मढला गेली तेव्हा तिथं भाताच्या लावणीला बाया तान्ही पोरं बांधावर घोंगडीत ठेवून चिखलात उतरायच्या. पोर रडलं तर लावणी अडते. तिच्या सासूच्या वयाच्या काही बाया मग बोटाच्या टोकावर जराशी अफू घेऊन पोराला चाटवायच्या. पोर दिवसभर गप्प. आत्यानं स्वतःच्या मुलाला कधी दिली नाही, सासूशी भांडून दिली नाही.

"मी बघितल्यात ती पोरं," ती म्हणाली. "डोळं उघडं आन् आत कुनीच न्हाई. हाक मारली तर बघायची बी न्हाईत. मी तशी बसू व्हय पाळन्यापाशी? पोरीच्या कानात नाव कोन सांगनार, मी का ती गोळी? दुखू दे मला. पन मी जागी पायजे."

गोळ्यांची पट्टी तिनं उशाखाली सारली. त्या दिवसापासून तिनं एकही घेतली नाही.

ते दिवस वाईट गेले. दुखणं वाढत होतं आणि ती दात आवळून पडायची. सकाळी मी कामाला निघताना ती भिंतीकडं तोंड करून असायची, माझ्याकडं बघायची नाही, बघितलं तर तिचं दुखणं मला कळेल म्हणून. बायकोनं समजावलं, कल्याणहून मुलगा येऊन समजावून गेला. आई एक दिवस मला स्वयंपाकघरात म्हणाली, "चहात विरघळून दे की. तिला काय कळतंय?"

"विचारलं तर काय सांगू?"

"सांग, साखर जास्त झाली."

मी नाही म्हणालो. जिनं आयुष्यभर प्रत्येक नावाचा अर्थ विचारला तिला बिननावाचं औषध द्यायचं मला जमणार नव्हतं. आईनंही पुन्हा विषय काढला नाही. तिनं नुसता चहा नेऊन दिला आणि पलंगाच्या कडेला बसून राहिली.

मी सिस्टरांना फोन केला आणि सगळं सांगितलं, बांधावरच्या पोरांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आजींनी पाहिलं ते खरंच आहे. तान्ह्या जिवाला मापाशिवाय दिलेली अफू विषच असते. हे मापानं आहे, त्यांच्या दुखण्याला बेतलेलं. पहिले थोडे दिवस झोप येईल, ते खोटं सांगू नका. मग शरीराला सवय होते, आणि बहुतेकांची गुंगी जाते. जास्तच वाटली तर मला लगेच फोन करा. पण बारशाच्या आदल्या दिवशी सुरू करून चालणार नाही, आत्ताच करायला हवं."

बारसं पंधरवड्यावर आलं होतं.

रविवारची दुपार होती. आत्याला पुढच्या खोलीत दाराजवळ निजवलं होतं, बाहेरचा वारा लागावा म्हणून. आई शेजारी लसूण सोलत होती. मी सिस्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

आत्यानं ऐकलं. "पहिलं थोडं दिस झोप. मंग न्हाई."

"बहुतेकांना नाही. शंभर टक्के असं त्या म्हणाल्या नाहीत."

"मंग त्यानं झोपंचं नाव का ठिवलं? त्या पोरानं. दुकानातल्या."

हे मी वाचलेलं होतं. "त्यानं पहिल्यांदा ते कुत्र्यांना देऊन बघितलं, आणि नंतर स्वतः घेतलं. झोपच आली. माप कुठं माहीत होतं त्याला तेव्हा."

"म्हंजी नवं नवंच हुतं ते."

"अगदी नवं. त्याच्या आधी कुणी बघितलेलंच नव्हतं."

आत्याच्या तोंडावर हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं ते.

"मंग बारसंच केलं म्हना की त्यानं," ती म्हणाली.

आईनं मान वर केली. "कुनाचं बारसं?"

"ह्या गोळीचं. अगं, बारशाला पोर काय करतंय? झोपलेलं आसतंय. मी वाकते, बघते, आन् नाव सांगते. म्होरं ते काय व्हनार हे मला कुटं ठावं? तुझ्या भावाच्या पोराचं नाव काय ठिवलं मी? अर्थ काय त्याचा?"

"शांत," आई म्हणाली आणि तिला हसू आवरेना. आईच्या त्या भाच्याचं नाव ठेवायलाही आत्यालाच बोलावलं होतं. तो आता माझ्याच बाजारात लिलाव पुकारतो. त्याचा आवाज पार हायवेपर्यंत जातो, आणि टोमॅटो घेऊन येणारे जीपवाले त्यालाच चिडवतात, भाऊ, आज घसा बसला का?

"आन् हा," आत्यानं माझ्याकडं बोट केलं. "आनंद देनारा. तोंड बघ त्याचं."

"वन्सं, माझ्या पोराला नावं ठेवू नगा."

"पोराचा गुन कळाय वर्सं जात्यात," आत्या म्हणाली. आता ती हसत नव्हती. "त्या दुकानातल्या पोरानं झोपलेलं पोर बघितलं, झोपंचं नाव ठिवलं. त्याची चूक न्हाई. मी बी त्येच केलं आसतं." तिनं उशाखाली हात घालून पट्टी काढली आणि मला दिली. "दे. पन एक ऐक. त्या दिशी माज्या डोळ्यांत मी नसले, तर मला पाळन्यापाशी बसवायचं न्हाई. तुझ्या भनीनं सांगायचं. मला वचन दे."

मी दिलं. आईनं पाणी आणलं.

पहिले थोडे दिवस ती खरोखरच झोपली. हाक मारली की डोळे उघडायचे, ओळखायची, पुन्हा मिटायचे. मी कामावर असलो तरी माझं लक्ष लागायचं नाही. बायकोला फोन करून एकच विचारायचो, हाक मारल्यावर बघितलं का. ती म्हणायची, बघितलं हो. एका दुपारी मी जेवायला लवकर आलो तर आत्या जागी होती आणि खुशीत होती.

"तुझा बाप आला हुता," ती म्हणाली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. "ह्या इथं बसला, पायरीवं. तोच सदरा, खांद्यावं उसवलेला. म्हनला, आक्का, पानी दे."

"मग?"

"मंग काय, उठून दिलं. पाठ दुखली न्हाई बघ." ती जरा थांबली. "तुझा त्यो देव आसंल. रूप घेऊन येनारा. पन सदरा बराबर घातला हुता हां त्यानं."

तो सदरा आईनं कुणाला दिला नव्हता, कपाटात होता.

आठवडा सरता सरता गुंगी उतरली. आत्या पलंगावर उठून बसू लागली, आधी लोडाला टेकून, मग तशीच. बरं वाटायला लागल्यावर नवीनच त्रास सुरू झाला. ती गोळी टाळायला लागली. म्हणायची, दुखत न्हाई तर कशाला उगीच, ठिवू दुखंल तवा. मी घड्याळ दाखवलं, सिस्टरांचं नाव सांगितलं. शेवटी आईनंच ऐकवलं. टोमॅटोवर करपा दिसायच्या आधी, ठरल्या दिवशी फवारावं लागतं, हे आमच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे.

"करपा पडायची वाट बघताय व्हय, वन्सं? पानं काळी झाल्यावं फवारून काय उपेग?"

आत्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं. गोळी गिळून म्हणाली, "आन् तुझं ते पोटाचं औषध बी आन. त्या देवाला झोपंचं सगळं कळतंय, संडासाचं कायबी कळत न्हाई."

ती पुढं दिवाळीपर्यंत होती. गोळीचं माप मध्ये वाढवावं लागलं, सिस्टर सांगतील तसं. हाक मारली आणि तिनं बघितलं नाही, असं शेवटचे दोन दिवस सोडले तर झालं नाही.

पण ते नंतरचं. बारशाच्या सकाळी सूनबाई पाळण्याजवळ बसली होती. नाव तिनं आणि मुलानं मिळून मोबाइलवरून निवडलं होतं, आणि मुलानं आधीच बजावल्यामुळं अर्थ पाठ करून आली होती. आत्यानं विचारला, तिनं घडाघडा सांगितला, कुठल्या भाषेतला हेही सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं. "चांगलं हाय," म्हणाली. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मी तिच्या समोर उकिडवा बसलो आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. वचन दिलं होतं, म्हणून बघणं भाग होतं.

"हाय का मी?" तिनं हळूच विचारलं.

"आहेस."

"मंग सर बाजूला."

धपाट्यांचा प्रश्न मी आदल्या दिवशीच मिटवून टाकला होता. मणके ठिसूळ झालेत, साधा धक्काही लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळं गल्लीतल्या, भावकीतल्या एकेका बाईला मी स्वतः जाऊन सांगून आलो होतो, की आत्याच्या पाठीला कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी कबूल केलं होतं.

मी आणि माझ्या बहिणीनं आत्याला दोन्हीकडून धरलं. ती पाळण्यावर वाकली. बाळ झोपलेलं होतं. आत्या बराच वेळ नुसती त्याच्याकडं बघत राहिली. मग कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' केलं, आणि नाव सांगितलं, स्पष्ट, मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या बायांनाही ऐकू जाईल असं.

आणि मग काहीच झालं नाही. बाया हात बांधून उभ्या. कुणाची बांगडीसुद्धा वाजली नाही. आत्या तशीच वाकलेली, पाठ पुढं करून वाट बघत होती. मला वरून तिची मान दिसत होती.

"मेल्या का काय समद्या?" ती तशीच म्हणाली. "आगं, धपाटं कुटं हायेत? नाव लागायचं कसं पोरीला?"

बायांनी माझ्याकडं बघितलं.

खुर्चीवरून आई उठली. तिचेही गुडघे गेलेत, तिला उठायला वेळ लागतो. ती पाय ओढत आली, पाळण्याच्या बाजूला थांबली, आणि तिनं आपला तळवा आत्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध ठेवला. नुसता ठेवला, आणि तसाच राहू दिला.

"लागलं का, वन्सं?"

"न्हाई," आत्या म्हणाली. "तुझा जोर गेला, वहिनी."